चकली सादळते, लोणचं गळतं, पार्सल कस्टम्सला अडकतं: फराळ आणि घरगुती माल पाठवताना नेमकं कुठे चुकतं ते कसं शोधायचं

गणपती उठले की फराळाच्या ऑर्डरी सुरू होतात आणि त्यामागोमाग तक्रारीही, चकली मऊ पोचली, लोणच्याचं तेल सगळ्या खोक्याला लागलं, न्यू जर्सीला पार्सल जाऊन बसलंय आणि ट्रॅकिंगवर रोज तीच एक ओळ दिसतेय, आणि मग घरगुती उद्योग करणाऱ्या आमच्या सगळ्या बायका एकमेकींना एकच विचारतात की कुरियर कुठला चांगला. कुरियर बदलून यातलं फार थोडं सुटतं. माल खराब पोचला किंवा अडकला तर त्याचं कारण बहुतेक वेळा खोका घरातून निघायच्या आधीच तयार झालेलं असतं, एकतर पाकिटात नाहीतर कागदावर, त्यामुळे आधी नेमकं काय बिघडलंय ते बघायचं आणि तिथून मागे मागे यायचं.

पहिली गोष्ट, कस्टमरकडून फोटो मागवा. नुसतं "खराब आलं" यावरून काहीच कळत नाही. खोका बाहेरून, पाकीट उघडायच्या आधी, पाकिटाची सीलची कड जवळून, आणि मग आतला माल, एवढे चार फोटो आले की निम्मं काम होतं. उघडून फडताळात ठेवलेल्या पाकिटाचा फोटो उपयोगाचा नाही, तिकडे हीटर लावलेल्या घरातली हवा वेगळी, डिशवॉशरशेजारचा ओटा वेगळा, त्यातून काहीही निष्कर्ष काढू नका.

चकली, कडबोळी, शेव सादळते

इथे एक साधा हिशोब आहे. दहा पाकिटांतलं एखादंच सादळलं असेल तर सील गेलंय. सगळी सादळली असतील तर दोष तळणीत आहे किंवा गरम असताना पॅक केलंय. सगळी थोडी थोडी नरम आणि प्रवास लांबलेला, तर पाकिटाचं मटेरियल कमी पडलंय. हे तीन प्रकार वेगळे आहेत आणि तिन्हीचा उपाय वेगळा, आणि लोक काय करतात तर तिन्हीवर सिलिका जेलची पुडी टाकतात.

गरम पॅकिंगचं सांगते. चकली हाताला गार लागली म्हणजे ती आतून गार झाली असं नाही. वेढ्याच्या आतल्या बाजूला वाफ असते, ती पाकिटात निघते, रात्री गार झाली की पाकिटाच्या आतून बारीक दव धरतं आणि तेच चकली परत पिऊन घेते. सील करून दोन-तीन तासांनी पाकीट उजेडासमोर धरा, आतून जरा जरी धुरकट दिसलं तर ते पाकीट पाठवू नका, फोडा, चकली पसरा. परातीत ढीग लावून गार करायची नाही, जाळीवर एकेरी थर पसरायची, खाली टिपकागद. वर्तमानपत्र नको, शाईचा प्रश्न आहे, एफएसएसएआयने (केंद्र सरकारची अन्नसुरक्षा संस्था) पण खाण्याच्या वस्तूंना वर्तमानपत्र वापरू नका असं वारंवार सांगितलंय. आणि ज्या दिवशी पाऊस आहे, हवा दमट आहे, त्या दिवशी जाळीवर रात्रभर उघडी ठेवून उपयोग नाही, ती हवेतलीच ओल घेईल, पूर्ण गार झाली की लगेच घट्ट डब्यात. कोकणातल्या आणि मुंबईतल्या मैत्रिणींनी हे जास्त सांभाळायला हवं, सप्टेंबर-ऑक्टोबरात परतीचा पाऊस असतोच.

तळणीचं म्हणाल तर मोठी आच ठेवून बाहेरून रंग आला की काढलेली चकली पहिल्या दिवशी कुरकुरीत लागते आणि चार दिवसांत आतली ओल बाहेर येते. बुडबुडे जवळजवळ थांबेपर्यंत मध्यम आचेवर तळायची, त्याला दुसरा रस्ता नाही. घरी खायच्या चकलीत लोणी छान लागतं पण लांब पाठवायच्या चकलीत मी लोण्याचं मोहन घालत नाही, लोण्यात पाणी असतं आणि वर डेअरी म्हणून कस्टम्सला वेगळं उत्तर द्यावं लागतं, त्यापेक्षा तेलाचं कडकडीत मोहन बरं.

सील तपासायची पद्धत फुकटची आहे. बादलीत पाणी घ्या, भरलेलं पाकीट बुडवून हलक्या हाताने दाबा, कडेतून बुडबुडा आला की सील गळकं. बहुतेक वेळा असं दिसतं की सीलच्या पट्टीत चकलीचा चुरा किंवा तेलाचा हात लागलेला असतो, त्यामुळे तिथे प्लास्टिक चिकटतच नाही, बाहेरून मात्र एकदम पक्कं दिसतं. पाकीट भरताना तोंडाशी कागदाची नळी करून त्यातून माल घाला म्हणजे कड कोरडी राहते, आणि हँड सीलरने एकाच्या शेजारी दुसरी अशा दोन पट्ट्या मारा.

मटेरियलबद्दल थोडक्यात. साधी पारदर्शक पॉलिथिनची पिशवी ओल बऱ्यापैकी अडवते पण हवा अडवत नाही, आणि झिपलॉकची झिप म्हणजे सील नव्हे. गावातल्या गावात चालेल. परदेशी किंवा आठवड्याहून जास्त प्रवास असेल तर आतून अॅल्युमिनियमचा थर असलेलं लॅमिनेटेड पाऊच घ्या, माल दिसत नाही म्हणून कस्टमरला आवडत नाही अशी तक्रार येते, लेबलवर फोटो छापा. सिलिका जेल फूड ग्रेडचंच, न फाटणाऱ्या पुडीतलं, आणि त्यावर खाऊ नये असं छापलेलं. आणखी एक घोळ सतत दिसतो, ऑक्सिजन अॅब्सॉर्बर आणि सिलिका जेल एकच समजतात. सिलिका ओल घेतं म्हणजे सादळण्यावर, ऑक्सिजनवाली पुडी खवट होण्यावर. आणि साध्या पॉलिथिनमध्ये ती ऑक्सिजनची पुडी टाकली तर काही दिवसांत बाहेरची हवा आत येऊन ती संपूनच जाते.

चिवडा, लाडू खवट होतात

यात पहिला संशय शेंगदाण्यावर आणि सुक्या खोबऱ्यावर घ्या. चिवड्यात पोहे महिनाभर टिकतात, खोबऱ्याचे काप आधी जातात. खोबरं विकत घेतानाच वाटी मोडून वास घ्यायचा, किंचित जरी साबणासारखा वास आला तरी ती वाटी चटणीलाही घेऊ नका. दुसरा संशय तेलावर. चकली, शेव, चिरोटे सगळं एकाच कढईत एकाच तेलात दोन दिवस तळलं आणि मग त्याच तेलात चिवड्याचे दाणे तळले तर तो चिवडा सिंगापूरला पोचेपर्यंत टिकणार नाही. एफएसएसएआयचा नियम असा की तळणीच्या तेलात टोटल पोलर कंपाउंड (तेल परत परत तापवल्याने त्यात तयार होणारे घटक) 25 टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरायचं नाही, घरी ते मोजायचं मीटर नसतं, पण तेल काळपट पडलं, वर फेस धरायला लागलं, नेहमीपेक्षा आधी धुरावायला लागलं की ते बाजूला काढा.

लाडवांचं वेगळं आहे. बेसनाचा लाडू खवट होण्याआधी बसतो, म्हणजे मे महिन्यात नागपूर किंवा दिल्लीला पाठवला तर तूप पातळ होऊन तो चपटा होतो आणि मग गार झाला की पाकिटाच्या आकाराचा गोळा. उन्हाळ्यात बेसन लाडू, डिंकाचे लाडू सरफेसने (रस्त्याने किंवा रेल्वेने) पाठवूच नका, त्यापेक्षा ऑर्डर नाकारा किंवा पाकातला रव्याचा लाडू सुचवा, कस्टमर ऐकतात. आणि लाडू कधीही लसणाच्या शेवेच्या किंवा गोड्या मसाल्याच्या खोक्यात ठेवू नका. पाकीट कितीही घट्ट असो, हिंग-लसूण तुपाला लागतोच.

लोणचं, मुरांबा, तुपाची बरणी गळते

याचा त्रास सगळ्यात जास्त होतो कारण एक बरणी गळली की अख्खा खोका गेला. घरी उलटी करून बघितली होती, एक थेंब नव्हता, मग विमानात काय झालं? तर हवेच्या दाबाचा प्रश्न आहे. विमान वर गेलं की आतला दाब साधारण आठ हजार फुटांवरच्या हवेइतका ठेवलेला असतो, म्हणजे जमिनीवर जेवढा असतो त्याच्या पाऊणपट. तुमच्या बरणीत वर जी हवा राहिलीय ती जमिनीवरच्या दाबाची, ती बाहेर यायला बघते, झाकणातून वाट मिळाली की ती निघते आणि बरणी आडवी असेल तर हवेच्या आधी तेल निघतं. पाऊच असेल तर तो फुगतो, काठोकाठ हवा भरलेला असेल तर सीलवर ताण येतो. म्हणजे सह्याद्रीतला घाट चढताना वेफर्सचं पाकीट टम्म होतं तसंच, फक्त कितीतरी जास्त.

उपाय तीन. बरणीत वर हवा कमी ठेवा, पण अगदी गळ्यापर्यंतही नको, कारण उन्हात तेल पसरतं, बोटाच्या एका पेराएवढी जागा बास. दुसरं, झाकणाखाली इंडक्शन सील, ते चमचमीत फॉइल जे आपण सॉसच्या बाटलीवर फोडतो ते. छोटं हातात धरायचं मशिन मिळतं, दोघी-तिघींनी मिळून घेतलं तरी चालतं, आणि बरणी त्याच सीलला चालणारी घ्यावी लागते, हे दुकानात आधी विचारा. काचेची बरणी दिसायला सुंदर पण कुरियरला नकोच, जाड फूड ग्रेड पेट प्लास्टिकचे जार घ्या. तिसरं, प्रत्येक बरणी वेगळ्या पिशवीत, आत टिपकागदाची घडी, पिशवी सील केलेली, म्हणजे गळलीच तर ती तिथल्या तिथे राहते. "दिस साइड अप"चे बाण छापून कोणी खोका उभा ठेवत नाही, हे गृहीत धरूनच पॅक करा.

उलटी करून बघायची टेस्ट पण नीट करा. पाच मिनिटं नाही, रात्रभर, पांढऱ्या टिश्यूवर, खोलीतली जागा जरा उबदार असेल तर उत्तम. सकाळी टिश्यूवर पिवळा ठिपका दिसला तर झाकणाचे आटे बघा, तिथे मोहरीची डाळ किंवा मीठ अडकलेलं असतं.

देशातल्या देशात अजून एक अडचण येते, बरेच कुरियर तेल, तूप, लोणचं विमानाने घेतच नाहीत, आणि काउंटरवरचा मुलगा घेतो पण पुढच्या हबला स्कॅनिंगमध्ये ते परत पाठवतात. त्यामुळे असा माल आणि चिवडा-चकली एकाच खोक्यात घालू नका. लोणचं वेगळं करून सरफेसने, बाकीचं एअरने. एका बरणीपायी सगळा फराळ भाऊबीजेनंतर पोचला अशा तक्रारी या एका गोष्टीने बंद होतात.

वजन डबल कसं लागलं

हे पटकन सांगते. एअर एक्स्प्रेसला खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणायची आणि 5000 ने भागायची, ते वजन आणि काट्यावरचं वजन यातलं जे जास्त ते लावतात. 40 बाय 30 बाय 30 चा खोका म्हणजे 7.2 किलो, आत चिवडा असेल तर काट्यावर चार किलोसुद्धा भरत नाही. चिवडा आणि चकली हलकी, जागा खाणारी, मसाला, मेतकूट, लाडू जड. हलकं आणि जड एकत्र पाठवा म्हणजे पैसे वसूल होतात, फक्त लाडू आणि मसाला एका खोक्यात नको. आणि कोट देण्याआधी खोका मोजा, अंदाजाने सांगू नका.

कस्टम्सला अडकतं

इथे मात्र मी जरा सविस्तर लिहिते कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहेत.

एक, फॉर्मवर काय लिहिलंय. "फराळ", "स्नॅक्स", "होममेड फूड आयटम्स" असं लिहिलेलं पार्सल उघडलं जाणारच, कारण तिकडच्या माणसाला आत काय आहे ते कळतच नाही. प्रत्येक वस्तू वेगळ्या ओळीत, कशापासून बनलीय, वजन, किंमत. चकलीसमोर इंग्रजीत तळलेला तांदूळ-डाळीच्या पिठाचा स्नॅक, मांस नाही, दूध नाही, असं स्पष्ट. पापडाला एचएस कोड (कस्टम्ससाठी वस्तूच्या प्रकाराचा नंबर) 1905 9040 आहे, तसा प्रत्येक वस्तूचा काढून ठेवा, एकदाच करायचं काम आहे. आणि लेबलवर जे नाव तेच इन्व्हॉइसवर.

दोन, गिफ्ट लिहायचं की नाही. आईने मुलीला स्वतः बनवून पाठवलं तर ते गिफ्ट. तुम्ही पैसे घेऊन बनवलं तर ते गिफ्ट नाही, कुरियरचा एजंट कितीही म्हणो की ताई लिहा हो सगळे लिहितात. यूकेमध्ये 39 पौंडांपर्यंतच्या गिफ्टला व्हॅट नाही, पण ती सूट माणसाने माणसाला पाठवलेल्या भेटीला आहे, विकलेल्या मालाला नाही. आत तुमच्या ब्रँडचं लेबल, एफएसएसएआयचा 14 अंकी नंबर आणि वर गिफ्ट, हे बघून कोणीही होल्ड करेल. विकताय तर आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा सरकारी कोड, काढा, डीजीएफटीच्या (केंद्राचं विदेश व्यापार खातं) साइटवर ऑनलाइन मिळतो, फी 500 रुपये, नंबर म्हणजे तुमचाच पॅन. दरवर्षी एप्रिल ते जून मध्ये तो अपडेट करावा लागतो, काही बदल नसला तरी, नाहीतर तो डिअॅक्टिव्हेट होतो आणि ते नेमकं दिवाळीच्या तोंडावर कळतं. पोस्टाने पाठवणाऱ्यांसाठी डाक घर निर्यात केंद्रं आहेत, तिथे पोस्टल बिल ऑफ एक्स्पोर्ट (पोस्टाने निर्यातीचा कस्टम्सचा कागद) करून देतात, लहान उद्योगाला ते खरंच सोयीचं आहे.

तीन, अमेरिका. विकलेलं खाणं अमेरिकेत जायचं तर एफडीएकडे (तिकडचं अन्न-औषध खातं) तुमच्या जागेचं फूड फॅसिलिटी रजिस्ट्रेशन लागतं, अमेरिकेत राहणारा एक एजंट नेमावा लागतो, आणि प्रत्येक खेपेला प्रायर नोटिस, म्हणजे माल येतोय याची आगाऊ सूचना, भरावी लागते. विमानाने माल जात असेल तर पोचायच्या किमान चार तास आधी, पोस्टाने असेल तर पाठवायच्याच आधी, आणि तो कन्फर्मेशन नंबर पार्सलच्या कागदावर हवा. घरी बनवून माणसाने माणसाला पाठवलेल्या भेटीला ही नोटिस लागत नाही, म्हणूनच "माझी मावशी तर असंच पाठवते" हे उदाहरण तुम्हाला लागू होत नाही. रजिस्ट्रेशनला एफडीए एक पैसाही घेत नाही, जे पैसे जातात ते एजंटच्या सेवेचे, आणि दर सम वर्षी 1 ऑक्टोबर ते 31 डिसेंबर मध्ये ते रिन्यू करायचं असतं. लेबलवर अॅलर्जीच्या वस्तूंमध्ये शेंगदाणा, गहू, दूध तर हवेतच पण 1 जानेवारी 2023 पासून तीळही आलाय, आपल्या चकलीत तीळ, गोड्या मसाल्यात तीळ, हे लिहायचं राहून जातं.

आणि ड्युटी. 800 डॉलरपर्यंतच्या पार्सलला जी सूट होती ती 29 ऑगस्ट 2025 पासून बंद झाली. त्याच आठवड्यात आपल्या पोस्टाने अमेरिकेचं बुकिंग थांबवलं होतं, ते 15 ऑक्टोबरला परत सुरू झालं, लक्ष्मीपूजन 21 ला, म्हणजे पोस्टावर भरवसा ठेवलेल्यांची त्या वर्षी केवढी धावपळ झाली असेल बघा. ड्युटीचे दर बदलत राहतात त्यामुळे बुकिंगच्या दिवशीचा दर विचारून घ्या, आणि ड्युटी तुम्ही आधी भरणार की दारात कस्टमर भरणार हे ऑर्डर घेतानाच मेसेजमध्ये लिहून घ्या. दारात अचानक पैसे मागितले की लोक पार्सल नाकारतात.

चार, वस्तूच चालत नाही. इथे सगळ्यात धोक्याची वस्तू म्हणजे खसखस. यूएई आणि सिंगापूरमध्ये खसखशीवर बंदी आहे, अमली पदार्थांच्या कायद्यात येते, तिथे नुसता माल फेकून देऊन विषय संपत नाही, ज्याच्या नावावर पार्सल आहे त्याला त्रास होऊ शकतो. अनारशाला तर वरूनच लावलेली असते, पण करंजीच्या सारणात, काही घरच्या गोड्या मसाल्यात पण असते. दुबई, अबुधाबी, सिंगापूरची ऑर्डर असेल तर सारण वेगळं करा, अनारसे देऊच नका, आणि त्या दिवशी तो पोळपाट-परात पण धुऊन घ्या. मी हे ऑर्डर फॉर्मवरच लिहून ठेवलंय, की या देशांना अनारसे मिळणार नाहीत.

युरोप आणि यूकेमध्ये भारतातून घरगुती पार्सलने दुधाचे पदार्थ चालत नाहीत, म्हणजे पेढे, बर्फी, खवा, तुपाचा डबा विसरा. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडला दूध-खव्याच्या मिठाईचं तसंच, आणि ते लोक पार्सल उघडून बघतात. अमेरिकेला घरच्या वापरापुरता तांदूळ पाठवता येत नाही, खापरा भुंगेरा या धान्याच्या किडीमुळे, त्यामुळे आंबेमोहोर, इंद्रायणी कितीही मागितला तरी नाही म्हणा. भाजलेल्या पिठांचं, मेतकूट, भाजणी यांचं तसं नाही. ताजा कढीपत्ता पण कोणीतरी प्रेमाने कोपऱ्यात खोचून देतं, तोही अमेरिकेत बंद आहे आणि त्या चार काड्यांसाठी अख्खं पार्सल थांबतं.

ट्रॅकिंग हललं नाही तर काय करायचं

आधी स्टेटस नीट वाचा. "क्लिअरन्स डिले" म्हणजे कागद हवाय, "हेल्ड बाय कस्टम्स" म्हणजे तपासणी चालू आहे, आणि "अटेम्प्टेड" म्हणजे माल तिकडे दारापर्यंत गेला होता, फोन नंबर किंवा अपार्टमेंट नंबर चुकलाय. कागद मागितला असेल तर कस्टमरला मेल आलेला असतो, बहुतेकदा स्पॅममध्ये, तेव्हा आधी त्यांना तिथे बघायला सांगा. मग साहित्याची यादी इंग्रजीत, किंमत, नोटिसचा नंबर, लेबलचा फोटो, सगळं एकाच मेलमध्ये पाठवा. तुकड्यातुकड्याने पाठवलं की प्रत्येक वेळी तुमची फाइल रांगेच्या मागे जाते.

शेवटचं एक, पोस्टाच्या पार्सल फॉर्मवर डिलिव्हरी नाही झाली तर परत पाठवायचं की सोडून द्यायचं असा पर्याय असतो. खाण्याच्या पार्सलला सोडून द्या वर खूण करा. परत यायचा खर्च तुमच्याकडून घेतात आणि दोन महिन्यांनी आलेला फराळ कोणाला देण्यासारखा राहत नाही. खाजगी कुरियर हे मेलवर विचारतं, तिथेही तेच उत्तर द्या, आणि कस्टमरचे पैसे परत करायचे की नवीन खोका पाठवायचा ते त्याच दिवशी त्यांच्याशी बोलून घ्या.